तिसऱ्या सेमिस्टरला सुटलेली डिग्री

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गाव खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात. धाकटा भाऊ बेळगावच्या कॉलेजात बी.कॉम.ला होता, तिसऱ्या सेमिस्टरला त्यानं कॉलेजला जाणं बंद केलं, आता उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, एका वर्कशॉपमध्ये कामाला जातो. वडील म्हणतात संगतीनं बिघडला. आई म्हणते कुणाची तरी नजर लागली. तो स्वतः काहीच बोलत नाही. पोरं डिग्री अर्ध्यावर का सोडतात आणि याला परत पाठवावं की नको, असं तुम्ही विचारलंय.

मी बेळगावात डिग्रीला अकाउंट्स शिकवण्यात नोकरी घालवली. त्यातली बरीच वर्षं प्रवेश, स्कॉलरशिप आणि परीक्षेचे फॉर्म ही कामंही माझ्याकडेच होती. पोरगं कधी गळायला लागलं हे वर्गापेक्षा फॉर्मच्या खिडकीवर लवकर कळतं. त्या अनुभवावरून सांगतो: तुमच्या भावानं कॉलेज तिसऱ्या सेमिस्टरला सोडलं असलं तरी त्याचा धागा बहुधा पहिल्याच वर्षी तुटलाय. मधले महिने तो डबा घेऊन घरातून निघत होता, कारण घरी सांगायचं कसं हे त्याला सुचत नव्हतं.

कॉलेज सोडलेल्या पोराला कारण विचारलं तर दोनच उत्तरं मिळतात. 'घरची अडचण आहे वो सर' किंवा 'इंटरेस्ट नाही.' पहिलं उत्तर दिलं की समोरचा पुढं काही विचारत नाही. दुसरं दिलं की स्वतःची अब्रू राहते, कारण 'मला येत नाही' म्हणण्यापेक्षा 'मला आवडत नाही' म्हणणं सोपं. यातलं कुठलंच उत्तर खोटं नसतं. पण सोडून जाणं हा निर्णय एका दिवसात कुणी घेत नाही. पावसात आठवडाभर खाडे होतात. त्याच आठवड्यात पहिली इंटर्नल, म्हणजे कॉलेजातलीच अंतर्गत परीक्षा, असते, ती बुडते. परत आल्यावर सरांना तोंड कसं दाखवायचं म्हणून अजून दोन दिवस टाळले जातात. पंचाहत्तर टक्के हजेरीची अट असते, शॉर्टेजच्या यादीत नाव लागतं. मग परीक्षा होते, दोन विषय राहतात. निकाल लागेपर्यंत दुसरं सेमिस्टर अर्धं सरलेलं असतं, त्यामुळे राहिलेल्या विषयांची तयारी करायला वेळच नसतो. बॅकचे पेपर, चालू सेमिस्टरचे पेपर, दोन्हींची फी एकदम. अशा वेळी कोणी मित्र म्हणतो, आमच्या शॉपमध्ये माणूस पाहिजे. तुम्हाला शेवटची ही गोष्ट दिसते, म्हणून वडील तिलाच संगत म्हणतात.

या साखळीत एका गोष्टीला मी सगळ्यात जास्त वजन देतो. परत यायला जितके दिवस लागतात तितकं परत येणं अवघड होत जातं. एक आठवडा बुडालेला पोरगा सहज येतो, महिना बुडालेला येत नाही. त्या तीन आठवड्यांत त्याचा अभ्यास फार मागं पडलेला नसतो, पण लाज वाढलेली असते. आणि त्या तीन आठवड्यांत कॉलेजातून त्याला कुणाचा फोन गेलेला नसतो. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकसाठी मेंटरची, म्हणजे पोरांवर लक्ष ठेवणाऱ्या शिक्षकाची, फाईल आता प्रत्येक कॉलेजात असते. बऱ्याच फायलींतल्या सह्या एकाच दुपारी, एकाच पेनानं झालेल्या असतात.

आता आपल्या भागाचं. तुमचा भाऊ दहावीपर्यंत मराठी माध्यमात असणार, हे तुम्ही लिहिलं नाही तरी गावाच्या नावावरून मी समजून चाललोय. मराठी शाळेत कानडी एक विषय म्हणून होतं, इंग्रजी एक विषय म्हणून होतं. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, कॉमर्स घेतलं की एकदम सगळं इंग्रजीत. शिकवणारे सर मराठीत, कानडीत, जमेल तसं समजावतात, पण लिहायचं इंग्रजीत. पीयूसी त्यातूनही निघून जाते. छोटे प्रश्न, गाईडमधली ठरलेली उत्तरं, बोर्डाच्या जुन्या प्रश्नपत्रिका, एवढ्यावर पोरं पास होतात, काही चांगल्या मार्कांनीही होतात. डिग्रीला मात्र सलग मोठं उत्तर लिहायचं असतं, आणि तिथं ही सवय उघडी पडते.

घरच्यांच्या लक्षात न येणारी एक गोष्ट सांगतो. मराठी माध्यमाचा पोरगा अकाउंट्समध्ये सहसा नापास होत नाही. त्याचा ट्रायल बॅलन्स जुळतो, कन्साइनमेंटची गणितं तो कॉन्व्हेंटमधून आलेल्या पोरापेक्षा लवकर सोडवतो. पण 'घसारा लावण्याची कारणं लिहा' असा प्रश्न इंग्रजीत आला की पेन थांबतं. तो अडकतो थिअरीच्या पेपरांत: बिझनेस लॉ, इकॉनॉमिक्स, मॅनेजमेंट. त्याला कारणं माहीत असतात, मराठीत विचारा, घडाघडा सांगेल. घरी मात्र मार्क्स कार्डावर तीन विषयांत नापास दिसतं आणि निष्कर्ष निघतो की पोरगं डोक्यानं मंद आहे. थोड्या दिवसांनी पोराचंही तेच मत होतं. अशा पोरांकडून मी काम करून घ्यायचो ते असं: उत्तर आधी तोंडी मराठीत सांगायचं, मग त्याची पाच छोटी इंग्रजी वाक्यं करायची, क्रियापद चुकलं तरी चालेल, पण वाक्य स्वतःचं पाहिजे. गाईडमधलं लांबलचक वाक्य पाठ करून अर्धं विसरण्यापेक्षा याला मार्क जास्त पडतात. दोन-तीन महिन्यांत पोरगं रांगेला लागतं. कुठल्याही कॉलेजला हे करायला पैसे लागत नाहीत, वेळ लागतो. आणि वेळ कुणाकडे आहे? कर्नाटकातल्या सरकारी डिग्री कॉलेजांचा गाडा हजारो अतिथी प्राध्यापकांवर चालतो. त्यांच्या नेमणुका लांबल्या की सेमिस्टर सुरू होऊनही कित्येक विषयांना शिकवणारंच कुणी नसतं. घरी बसून पगाराची वाट बघणाऱ्या त्या बिचाऱ्यांनाही मी दोष देणार नाही.

याच्या जोडीला कानडीचा प्रश्न आहे. नोटीस बोर्डावरच्या सूचना कानडीत किंवा इंग्रजीत लागतात. खानापूरच्या पश्चिमेकडचं पोरगं कानडी बोलायला शिकतं, पण वाचताना अडखळतं. परीक्षा फॉर्मची तारीख, स्कॉलरशिपची मुदत, इंटर्नलचं वेळापत्रक त्याला मित्राच्या तोंडून कळतं, आणि मित्र नसेल तर कळतच नाही. यावर कुणी सीमाप्रश्नाचं भाषण सुरू केलं की मी गप्प बसतो. महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो त्याच्या गतीनं चालेल. परीक्षा फॉर्मची लेट फी मात्र पुढच्या सोमवारपासून लागते. मी मराठी पोरांना पहिल्या महिन्यात एक सांगायचो, वर्गातल्या एका कानडी पोराशी पक्की दोस्ती करा. त्याला अकाउंट्स शिकवा, तो तुम्हाला नोटीस वाचून दाखवील. अशा जोड्या मी बऱ्याच जमवल्या, त्यातल्या काही अजून एकमेकांच्या लग्नाकार्याला जातात.

पश्चिमेकडच्या गावांचा आणखी एक गुंता आहे. पहिलं सेमिस्टर सुरू होतं ते नेमकं पावसात. कणकुंबी, जांबोटी, पारवाडच्या बाजूला पाऊस कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. एसटी वेळेवर नाही, ओढ्याला पाणी आलं की नाहीच, आणि घरी रोप लावणी. हातापायानं धड असलेला पोरगा लावणीच्या दिवसांत घरी थांबला नाही तर गावात नाव ठेवतात. पुढं सुगी येते तेव्हा कॉलेजात इंटर्नल सुरू झालेल्या असतात. यात अलीकडं एक भर पडली. 2024 आणि 2025 साली कर्नाटकात दहावी आणि पीयूसीच्या वर्षाला तीन परीक्षा झाल्या. नापास झालेल्या पोरांचं वर्ष वाचलं, त्या दृष्टीनं ही चांगलीच सोय होती. पण तिसऱ्या परीक्षेत सुटलेलं पोरगं डिग्रीला आलं तेव्हा इतरांचे धडे सुरू झालेले होते. आधीच कच्चं, त्यात उशिरा आलेलं. प्रवेशाच्या वेळी मी अशा पोरांच्या नावापुढं पेन्सिलीनं खूण करून ठेवायचो.

जगात या विषयावर पुष्कळ अभ्यास झालाय. अमेरिकेतल्या व्हिन्सेंट टिंटो यांनी 1975 साली मांडलं की विद्यार्थी अभ्यासात आणि कॉलेजातल्या माणसांत किती मिसळतो यावर त्याचं टिकणं अवलंबून असतं. पटण्यासारखं आहे, पण ते मुख्यतः कॅम्पसवर राहणाऱ्या पोरांना डोळ्यापुढं ठेवून. पुढं 1985 साली बीन आणि मेट्झनर या दोघांनी घरून ये-जा करणाऱ्या आणि काम करत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा वेगळा विचार केला. त्यांचं म्हणणं असं की अशा विद्यार्थ्यांच्या बाबतीत कॉलेजातल्या मैत्रीपेक्षा बाहेरच्या गोष्टी जास्त जोर करतात: पैसा, कामाचे तास, घरची जबाबदारी, घरून मिळणारा पाठिंबा. आपली जवळजवळ सगळी पोरं या दुसऱ्या प्रकारातली. साडेतीनच्या गाडीसाठी शेवटचा तास सोडून स्टँडवर धावणाऱ्या पोराला गॅदरिंग, एनएसएस, लायब्ररी यातलं काही मिळत नाही. कॉलेज त्याच्यासाठी चार भिंती आणि एक हजेरीपट एवढंच असतं.

आकड्यांचं म्हणाल तर देशभरातल्या उच्च शिक्षणाच्या सरकारी सर्वेक्षणात 2021-22 साली 4.33 कोटी विद्यार्थी पटावर होते. पण पटावर किती आणि पास किती एवढ्यावरून एकेक पोरगं कुठं गेलं ते कळत नाही. डिसेंबर 2023 मध्ये संसदेत सरकारनं सांगितलं की पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठं, आयआयटी आणि आयआयएममधून मागास प्रवर्गांतल्या 13 हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी शिक्षण मधेच सोडलं. त्यावर सरकारचंच म्हणणं असं की यातले बरेच दुसऱ्या संस्थेत किंवा कोर्सला जातात. एक कॉलेज सोडणं आणि शिक्षण सोडणं यात फरक आहे, एवढं त्यातून घ्यायचं. निपाणीकडं हे नेहमीच दिसतं. अर्जुननगरचं देवचंद कॉलेज निपाणीला लागूनच, पण ते महाराष्ट्रातल्या कागल तालुक्यात आणि शिवाजी विद्यापीठाशी जोडलेलं. इकडं नाव काढून तिकडं घातलेलं पोरगं इकडच्या रजिस्टरात गळालेलं, आणि प्रत्यक्षात चालत जायच्या अंतरावर शिकतंय.

आता पैसा. फी हे क्वचितच खरं कारण असतं. साध्या बी.ए., बी.कॉम.ची फी घर कसंबसं भरतं. मोठा खर्च असतो तो न मिळालेल्या पगाराचा. उद्यमबाग, मच्छे, सीमेपलीकडं शिनोळी, नाहीतर सरळ गोवा. बारा-पंधरा हजाराची नोकरी वीस वर्षांच्या पोराला दारात उभी असते. बापाची पाठ दुखावली, घरावर मायक्रोफायनान्सचे आठवड्याचे हप्ते आले, की डिग्रीचं उरलेलं दीड वर्ष घराला फार लांब वाटतं. पोरगं हिशेब करतं: शेजारचा दादा बी.कॉम. होऊन त्याच शॉपमध्ये, त्याच पगारावर आहे. या हिशेबाला उत्तर देणं शिक्षकाला सोपं नसतं, आणि ज्याला सोपं वाटतं त्यानं उद्यमबागेत एक चक्कर मारावी. डिग्रीचा उपयोग सहसा पाच-सात वर्षांनी होतो, जेव्हा बँकेची, सरकारी खात्याची जाहिरात येते किंवा त्याच शॉपमध्ये ऑफिसची जागा निघते आणि 'पदवीधर' एवढ्या एका शब्दावर माणूस बाहेर राहतो. कर्नाटकाच्या युवा निधीचे बेरोजगार पदवीधराला महिन्याला 3,000 मिळतात तेही पास झाल्यावरच. पाच सेमिस्टर केलेल्याला काही नाही.

स्कॉलरशिप आहेत, पण आपल्या सीमेवर त्या कागदांत अडकतात. जात-उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे तालुक्याखालच्या महसूल कचेरीतून काढायचा, मराठ्यांना तो 3बी या मागास गटाचा, नावात एका अक्षराचा फरक असला तरी पोर्टल घेत नाही. बँक खात्याला आधार जोडलेलं नसलं की मंजूर झालेले पैसेही अडकतात. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी 2021 साली रयत विद्यानिधी सुरू झाली; साध्या डिग्रीच्या मुलाला 5,000 आणि मुलीला 5,500 असा दर ठरला. पण त्यासाठी शेतकरी म्हणून कर्नाटकात नोंद पाहिजे. घर बेळगाव तालुक्यात आणि शेत महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात असलेली कुटुंबं आपल्याकडं काही थोडी नाहीत, त्यांचा सातबारा इथं चालत नाही. उलटं चंदगडची मुलगी बेळगावात शिकायला येते. 11 जून 2023 पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट झाली, पण आधारकार्डावर पत्ता कर्नाटकाचा लागतो. महाराष्ट्राच्या एसटीत तिला अर्धं तिकीट. एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मैत्रिणी, एकीचा प्रवास फुकट, दुसरीचा महिन्याला खर्च. अशी मुलगी दुसऱ्या वर्षी दिसेनाशी झाली तर वर्गात चर्चा होते की लग्न ठरलं असणार.

लग्नही ठरतंच. मुलींच्या बाबतीत मी एकच सांगतो, कारण बाकीचं सगळ्यांना माहीत आहे. 'लग्नानंतर शिकवू' असं बैठकीत बोललं जातं ते बोलणाऱ्याच्या मनात खरंही असतं, पण परीक्षा कुठल्या तारखेला आहे ते कुणी विचारलेलं नसतं. मे महिन्यात लग्न काढतात आणि पाचव्या-सहाव्या सेमिस्टरच्या पेपरांच्या मधे देवदर्शन येतं. मुलीच्या आईनं सुपारी फुटायच्या आधी उरलेल्या पेपरांचं वेळापत्रक व्याह्यांच्या हातात द्यावं. ज्या मुलीची हजेरी आणि इंटर्नल पूर्ण आहेत तिला राहिलेले पेपर द्यायला वर्गात बसावं लागत नाही. आठ दिवस माहेरी येऊन ती परीक्षा देऊन जाऊ शकते. हे माहीत नसल्यामुळे गेलेल्या डिग्र्या मी पाहिल्यात, आणि त्याचा मला आजही राग येतो.

सोडून जाणारा प्रत्येक जण चुकतो असं मात्र मी मानत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात, त्यामुळे भरतीची तयारी इथं घराघरांत. खानापूर-चंदगडची पोरं पहाटे धावतात आणि नऊ वाजता वर्गात डुलक्या घेतात. 2022 पासून अग्निवीर म्हणून साडेसतराव्या वर्षापासून विशीच्या आसपासपर्यंत घेतात, म्हणजे नेमक्या डिग्रीच्या वर्षांत. निवड झालेलं पोरगं पेढे घेऊन येतं आणि टीसी मागतं. त्याला अडवायचं नसतं. पण चार वर्षांनी त्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम होतात, बाकीचे पंचविशीच्या आसपास परत गावात. म्हणून मी त्यांना सांगायचो की झालेल्या सेमिस्टरची सगळी मार्क्स कार्डं आताच काढून आईच्या ट्रंकेत ठेवा. इग्नू या केंद्राच्या मुक्त विद्यापीठानं अग्निवीरांसाठी वेगळी पदवी ठेवलीय, तिच्यातले अर्धे क्रेडिट सैन्यातल्या प्रशिक्षणाचे धरतात. तीही चौकशी जाण्याआधीच करून ठेवायची.

इंजिनिअरिंगचं दुखणं निराळं. तिथं फी जास्त, कर्ज जास्त, त्यामुळे पोरं सोडत नाहीत, ईयर बॅक घेत, म्हणजे तेच वर्ष पुन्हा करत, अडकून राहतात. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षात आलेल्यांना मॅथ्स खातं. तुमचा प्रश्न त्याबद्दल नाही, म्हणून इथंच थांबतो.

आता तुमच्या भावाचं. त्याच्याशी बोलताना वडील समोर नकोत, आणि 'का सोडलंस' हा प्रश्न नको. या प्रश्नाला तो गेले कित्येक महिने एकच उत्तर घोटून बसलाय. 'कुठल्या पेपरला अडलं?' असं विचारा. याला खरं उत्तर देता येतं, कारण त्यात त्याची इज्जत जात नाही. पेपराचं नाव निघालं की पुढचं आपोआप निघतं.

मग मार्क्स कार्डं घ्या आणि कागदावर मांडा. पहिल्या दोन सेमिस्टरमध्ये किती विषय राहिलेत? तिसऱ्या सेमिस्टरची हजेरी आणि इंटर्नल पूर्ण होऊन फक्त परीक्षा बुडाली, की सेमिस्टरच मधे सुटलं? सगळा फरक इथं आहे. हजेरी आणि इंटर्नल पूर्ण असतील तर ते पेपर तो बॅक म्हणून देऊ शकतो, नोकरी न सोडता. सेमिस्टरच सुटलं असेल तर पुढच्या वर्षी तिसरं सेमिस्टर सुरू होईल तेव्हा पुन्हा प्रवेश घ्यावा लागेल. त्यासाठी प्राचार्यांना अर्ज, कधी विद्यापीठाची परवानगी. कॉलेजच्या परीक्षा विभागात जाऊन तीन गोष्टी विचारा: त्याच्या बॅचचे जुन्या सिलॅबसचे पेपर अजून किती वेळा होणार आहेत, डिग्री पूर्ण करायची कमाल मुदत किती, आणि परीक्षेच्या पुढच्या फॉर्मची शेवटची तारीख काय. यातली पहिली फार महत्त्वाची आहे. कर्नाटकात 2021-22 ला राष्ट्रीय शिक्षण धोरणाचा चार वर्षांच्या डिग्रीचा आराखडा आला आणि 2024-25 पासून पुन्हा तीन वर्षांचा झाला. मधल्या बॅचच्या पोरांचे जुने पेपर कायम चालू राहणार नाहीत, आणि सिलॅबस बंद झाला की समकक्ष पेपर शोधण्याचा फेरा मागं लागतो. तो 2023 किंवा त्याआधी लागलेला असेल तर हे काम याच महिन्यात करा.

तुम्ही स्वतः जा, त्याला एकट्याला पाठवू नका. क्लार्क ओरडला की तो परत फिरेल. एखाद्या सरांचं नाव तो चांगलं म्हणून घेत असेल तर आधी त्यांना भेटा. जवळजवळ प्रत्येक पोराच्या मनात असा एक तरी शिक्षक असतो.

टीसी काढू नका. रागाच्या भरात वडील म्हणतील की नाव काढून टाक एकदाचं. नाव राहिलं तर परतीची वाट उघडी राहते. टीसी निघाली की सगळं नव्यानं. फक्त दहावी-पीयूसीची मूळ कार्डं कॉलेजकडं असतील तर मागून घ्या. मूळ कागदपत्रं अडवून ठेवायची नाहीत असं यूजीसीनं 2018 मध्येच कॉलेजांना बजावलंय.

आता तुमचा दुसरा प्रश्न, परत पाठवावं की नको. ते वर्कशॉपमध्ये तो काय करतो यावर आहे. नुसतं उचल-ठेव आणि झाडलोट करत असेल तर ती नोकरी त्याला दोन वर्षांनीही तिथंच ठेवील, आणि डिग्री सोडण्याइतकी तिची किंमत नाही. पण व्हीएमसी मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंगच्या मशीनवर, हात बसवतोय, घरी येऊन त्याबद्दल आपणहून बोलतोय, असं असेल तर त्याला जबरदस्तीनं वर्गात बसवण्यात मला शहाणपण दिसत नाही. उद्यमबागेतच सरकारी टूल रूम आहे, जीटीटीसी. तिथले कोर्स त्या धंद्याला डिग्रीपेक्षा जास्त उपयोगी पडतात. शॉपचे मालकही ते ओळखतात. तिथं चौकशी करा, आणि बी.कॉम.चे राहिलेले पेपर बॅक म्हणून देता येण्यासारखे असतील तर तेही हळूहळू सोडवू द्या.

नियमित कॉलेज त्याला नकोच असेल आणि डिग्री मात्र हवी असेल, तर मैसूरचं कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू. दोन्हीकडं वर्षातून दोनदा, जुलै आणि जानेवारीच्या सत्रांना प्रवेश होतात. त्याआधी त्याचं अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं डिजिलॉकरवर उघडलंय का आणि पास झालेल्या विषयांचे क्रेडिट त्यात जमा झालेत का ते बघून घ्या. जमा नसतील तर कॉलेजकडूनच करून घ्यावे लागतात, म्हणून परीक्षा विभागात जाल तेव्हा हा चौथा प्रश्नही कागदावर लिहून न्या.